माघार कोणापुढे?

मतभेद विकोपाला गेला की त्याचे खापर अहंकारावर फुटते. भावाभावांत वाटणीवरून बोलणे बंद झाले, संस्थेत दोन तट पडले, जुनी भागीदारी मोडली, की भोवतालची माणसे एकच निष्कर्ष काढतात: दोघांनी जरा अहंकार बाजूला ठेवला असता तर इतके ताणले नसते. हे निदान इतके सर्वमान्य आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. कीर्तनापासून कंपन्यांच्या प्रशिक्षण शिबिरांपर्यंत उपायही एकच सांगितला जातो: मीपणा सोडा.

हे निदान वरवरचे आहे, आणि त्यावरून सुचवलेला उपाय पुष्कळदा अपायच करतो. माणसे मत बदलतात, आणि ती सहज बदलतात. कालपर्यंत ज्या बियाण्याचा आग्रह होता ते शेतकरी पीक पाहून सोडून देतो. ज्या औषधावर भिस्त होती ते डॉक्टर गुण येत नाही म्हणून बदलतो. तिथे अहंकार आड येत नाही. तो आड येतो ते मत समोरच्या माणसापुढे सोडावे लागते तेव्हा. म्हणून माघार कोणापुढे घ्यायची आहे, हा मतभेदातला कळीचा प्रश्न आहे. दोघांनाही मान तुकवता येईल अशी एखादी तिसरी जागा असेल तर ताठ माणसेही मागे येतात. ती नसेल तर एरवी मऊ स्वभावाची माणसेही अडून बसतात.

एका शब्दात कोंबलेल्या तीन गोष्टी

गोंधळाची सुरुवात शब्दापासून होते. सांख्य दर्शनात अहंकार हा दुर्गुण नाही. पंचवीस तत्त्वांपैकी ते एक तत्त्व आहे: प्रकृतीपासून महत् म्हणजे बुद्धी, बुद्धीपासून अहंकार, आणि त्यातून पुढे मन, इंद्रिये व तन्मात्रे, असा तो क्रम. ‘हे मी पाहतो’, ‘हे माझे’ असे म्हणणारी शक्ती, एवढाच त्याचा अर्थ. ती नसेल तर मतालाच धनी राहत नाही.

रोजच्या मराठीत मात्र याच शब्दाखाली आणखी दोन गोष्टी शिरल्या. एक म्हणजे ताठा: आपण इतरांहून वरचे आहोत ही भावना, आणि ती दिसावी ही हौस. दुसरी याच्या अगदी उलट आहे आणि तिला मराठीने नेमका शब्द दिलेला आहे, तो म्हणजे कमीपणा. ‘मला कमीपणा येईल’, ‘चारचौघांत नाक कापले जाईल’, ही भीती वर चढण्याच्या हौसेतून आलेली नसते. आहे त्या पायरीवरून खाली ढकलले जाण्याच्या धास्तीतून येते.

अहंकार सोडण्याचा उपदेश ताठ्याला उद्देशून केलेला असतो. भांडणात प्रत्यक्ष काम करत असते ती कमीपणाची भीती. भ्यालेल्या माणसाला ‘तू गर्विष्ठ आहेस’ असे सुनावले तर त्याची भीती कमी होत नाही. आता माघार घेतली तर मत चुकल्याबरोबरच गर्विष्ठ असल्याचाही कबुलीजबाब दिल्यासारखे होईल, हे त्याला कळते आणि तो आणखी घट्ट होतो.

पाव गुंठ्याचा बांध

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात सापडेल असा वाद घ्यावा. दोन शेतांमध्ये बांध आहे, दीड-दोन हात रुंद, त्यावर एखादी बोर, थोडे गवत. नांगरणीच्या वेळी शेजाऱ्याचा फाळ बांधाला खेटून जातो आणि चार बोटे माती त्याच्या बाजूला पडते. पुढच्या वर्षी आणखी चार बोटे. याला बांध कोरणे म्हणतात. काही हंगामांनी बोरीची मुळे एका अंगाने उघडी पडतात, आणि मग एके सकाळी दोघे समोरासमोर उभे राहतात.

हिशेब केला तर वादातली जमीन क्षुल्लक असते. तीनशे फूट लांबीच्या बांधावर एक फूट रुंदीची पट्टी गेली तर ती ३०० चौरस फूट होते. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे हे पाव गुंठ्याहून जरासे जास्त. एवढ्यासाठी माणसे कोर्टाच्या खेपा घालतात आणि जमिनीच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च करतात, तेव्हा पाहणारा म्हणतो: निव्वळ अहंकार, दुसरे काय?

पण ज्याचा बांध कोरला गेला तो पाव गुंठ्यासाठी भांडत नसतो. ज्याचा बांध कोरला तरी चालतो असा माणूस अशी आपली ओळख होऊ नये, म्हणून तो भांडतो. यंदा गप्प बसले तर पुढच्या वर्षीची चार बोटे ठरलेली. गावात पाण्याची पाळी, वाटेचा हक्क, सोसायटीतले कर्ज, सगळीकडे त्या ओळखीचा परिणाम होतो. त्याला अहंकार म्हणणे म्हणजे राखणदाराला भांडखोर म्हणण्यासारखे आहे. आणि कोरणाऱ्याकडेही बहुधा त्याची बाजू असते: मूळ हद्द इथे नव्हतीच, वडिलांच्या काळात उलट बाजूने कोरले गेले होते. दोघेही आपापल्या आठवणीला प्रामाणिक असू शकतात.

हा वाद उपदेशाने मिटत नाही, मोजणीने पुष्कळदा मिटतो. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज होतो, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक येतो, जुन्या नकाशावरून हद्दीच्या खुणा दाखवतो, आणि मग नकाशाची ‘क’ प्रत हातात पडते. त्या खुणेवर दगड रोवला जातो तेव्हा दोघांपैकी एक जण दोन पावले मागे सरकलेला असतो. पण तो शेजाऱ्यापुढे मागे सरकलेला नसतो. मोजणीपुढे सरकलेला असतो, आणि संध्याकाळी पारावर त्याला ‘मोजणीत तसे निघाले’ असे मान वर ठेवून सांगता येते. त्याचा अहंकार सकाळइतकाच शाबूत आहे. वाद मात्र संपला.

राज्य शासनाने २०२३ च्या जानेवारीत आणलेली सलोखा योजना याच दिशेने एक पाऊल पुढे गेली. एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, अशी किमान बारा वर्षे वहिवाट असेल तर दोघांनी अदलाबदलीचा दस्त करावा. त्यासाठी मुद्रांक शुल्क नाममात्र १,००० रुपये आणि नोंदणी शुल्क १,००० रुपये. इथे कोणी हरतच नाही, कारण दोघेही देतात आणि दोघेही घेतात. कोणाचा स्वभाव सुधारण्याच्या भानगडीत न पडता या योजनेने माघारीला दस्ताचे रूप दिले.

हरण्याचे नियम आधी ठरवणे

तिसऱ्या जागेची ही कल्पना भारतीय विचाराला नवी नाही. उलट या एका बाबतीत परंपरेने जेवढे बारकाईने काम केले आहे तेवढे आजच्या चर्चेत क्वचितच दिसते, आणि ते विस्मरणात गेले याची खंत वाटावी असे ते काम आहे.

न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले. वाद म्हणजे प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे तत्त्व शोधण्यासाठी केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. वितंडा म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन. आज मराठीत ‘वाद’ म्हणजे भांडण आणि ‘वाद घालू नकोस’ ही तंबी झाली आहे. मूळ विभागणीत वाद हा तिघांतला सर्वांत उंचावरचा होता आणि तो गुरू, शिष्य, सहाध्यायी आणि मत्सर नसलेले जिज्ञासू यांच्याशी करायचा होता.

त्याहून महत्त्वाची आहे ती निग्रहस्थानांची यादी. निग्रहस्थान म्हणजे जिथे वादी पकडला गेला, हरला असे धरले जाते ती जागा. अशी बावीस आहेत. त्यांतली दोन आजच्या कुठल्याही सभेच्या दारावर लिहून ठेवावीत अशी आहेत. पहिले अननुभाषण: समोरच्याने आपले म्हणणे तीनदा मांडले, सभेला ते समजले, आणि तरी ते तुम्हाला त्याच अर्थाने परत सांगता आले नाही, तर तुम्ही हरलात. उत्तर देण्याचा अधिकार आधी ऐकून घेतल्याच्या पुराव्याने मिळवायचा. दुसरे मतानुज्ञा: आपल्यावर आलेला दोष न खोडता ‘तुमच्यातही तोच दोष आहे’ असे म्हणणे. न्यायशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर नव्हेच. ती दोषाची कबुली आहे. वर्तमानपत्रांतले आणि घराघरांतले किती वाद या एका नियमाने पहिल्या पाच मिनिटांत निकाली निघतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

या यादीचे मर्म असे. हरणे म्हणजे काय हे चर्चेच्या आधीच, कोण हरेल हे माहीत नसताना ठरलेले असते. त्यामुळे हरणारा प्रतिपक्षाच्या पायाशी जात नाही. दोघांनी मान्य केलेल्या नियमापाशी थांबतो. पूर्वपक्ष आधी मांडून मग उत्तरपक्ष लिहिण्याची शास्त्रग्रंथांची रीतही हेच साधते. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याइतक्याच ताकदीने मांडता आले, तरच स्वतःच्या उत्तराला किंमत.

चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या आपसांतल्या चर्चेचे दोन प्रकार दिले आहेत: संधायसंभाषा, म्हणजे जुळवून घेऊन केलेली चर्चा, आणि विगृह्यसंभाषा, म्हणजे विरोधाने केलेली. पहिल्या प्रकारात हरण्याच्या भीतीने बिचकू नये, आणि जिंकल्यावर हर्षून जाऊ नये व लोकांत त्याची फुशारकी मारू नये, असे सांगितले आहे. यातला जिंकणाऱ्यावर टाकलेला भार लक्षात घेण्याजोगा आहे. अहंकार आवरण्याचा उपदेश एरवी हरणाऱ्याला केला जातो. समोरच्याला माघार घेणे परवडेल की नाही हे मात्र बरेचसे जिंकणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून असते.

जिथे वेळ सेकंदांत मोजतात

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ माणसे मेली. केएलएमच्या विमानाचा कप्तान कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, इतरांना शिकवणारा वैमानिक होता. उड्डाणासाठी वेग घेत असताना फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली की दुसरे विमान अजून धावपट्टीवर आहे की काय. कप्तानाने ठामपणे ती उडवून लावली. पुन्हा कोणी विचारले नाही.

याही घटनेची गोष्ट गर्विष्ठ कप्तानाची म्हणून सांगितली जाते. विमान वाहतुकीच्या क्षेत्राने पुढे घेतलेला धडा त्याहून शहाणा होता. नम्र कप्तान शोधण्याच्या मागे न लागता त्याने कॉकपिटमधली बोलण्याची रीत बदलली: शंका दिसली की कनिष्ठाने ती ठरलेल्या पद्धतीने बोलून दाखवलीच पाहिजे आणि वरिष्ठाने तिला उत्तर दिलेच पाहिजे, असे प्रशिक्षण सुरू झाले. शंका काढणे हे नेमून दिलेले काम झाले. आता कनिष्ठ बोलला तर तो उद्धटपणा ठरत नाही आणि वरिष्ठ थांबला तर त्याचा कमीपणा ठरत नाही, कारण दोघेही पद्धत पाळत असतात.

पहिला आक्षेप: थोरांना अशा कुबड्या लागत नाहीत

यावर म्हणता येईल की ही सगळी सामान्यांसाठीची सोय झाली. ज्याने स्वतःला खरोखर जिंकले आहे त्याला मोजणी लागत नाही आणि नियमही लागत नाहीत. वारीत लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतात, तिथे कोण कोणापुढे वाकला हे मोजले जात नाही.

उदाहरण सुंदर आहे, पण ते आक्षेपाच्या उलट बाजूने साक्ष देते. वारीत वाकणे सोपे होते कारण समोरच्यातला विठ्ठल ही तिसरी जागा दोघांनी आधीच मान्य केलेली असते, आणि समोरचाही त्याच क्षणी वाकतो. तोच वारकरी गावी परतल्यावर बांधावरून भांडतो, यात ढोंग नाही. इथे ती जागा नाही, एवढेच. स्वभाव घडतो हे खरे. पण तो घडायला पिढी जाते आणि भांडण आज उभे असते.

दुसरा आक्षेप: तिसरी जागा बलवानाच्याच मालकीची असते

हा आक्षेप फार गंभीर आहे. मोजणीवाल्याला एका बाजूने चहा पाजता येतो. सभेचे नियम अध्यक्ष वाकवतो. आणि ‘शास्त्र काय म्हणते ते पाहू’ ही तिसरी जागा शतकानुशतके ज्यांना शास्त्र वाचण्याचीच बंदी होती, त्यांच्यासाठी कधीच तिसरी नव्हती. जिथे प्रमाणच एका पक्षाच्या हातात आहे, तिथे ‘अहंकार सोडा, प्रमाण माना’ याचा अर्थ ‘हरा’ एवढाच होतो.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषणाची प्रत पाहिल्यावर मंडळाला काही भाग खटकला आणि तो बदलावा अशी मागणी झाली. आंबेडकरांनी एकही बदल करण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली. जे ताणू नये ते ताणले, थोडे नमते घ्यायला हवे होते, असे त्याही वेळी अनेकांना वाटले असणार. पण इथे नमते घेणे म्हणजे धर्मग्रंथांच्या प्रामाण्यावरच्या आक्षेपालाच कात्री लावणे होते, आणि तो आक्षेप हाच भाषणाचा गाभा होता. मतभेदात ताठ उभे राहणारा कोणी नसेल तर मतभेदच उरत नाही. उरते ती दबलेल्याची शांतता.

त्यानंतर आंबेडकरांनी जे केले ते या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. ते भाषण त्यांनी स्वतः छापले. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली, तेव्हा १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींची ती टीका आणि तिला दिलेले आपले उत्तर, दोन्ही शेजारी शेजारी छापले. शास्त्र ही जागा मान्य नव्हती, मंडळाने व्यासपीठ काढून घेतले होते. तेव्हा त्यांनी वाचक ही तिसरी जागा उभी केली आणि प्रतिपक्षाला तिथे त्याच्या स्वतःच्या शब्दांत हजर केले. आजही तो ग्रंथ उघडणाऱ्याला दोघांचेही म्हणणे मिळते.

म्हणून या आक्षेपाने सिद्धान्त मोडत नाही, पण त्याला अट लागते: तिसरी जागा दोघांनी मान्य केलेली हवी, आणि ती तशी नसेल तर आधी भांडण त्या जागेसाठीच करावे लागते. न्यायसूत्रांनाही हे माहीत होते. कोवळे अंकुर राखण्यासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसा तत्त्व राखण्यासाठी जल्प आणि वितंडेचाही उपयोग करावा, अशी मुभा त्यांनी दिली आहे.

घरातली पळवाट

घरात भूकरमापक येत नाही आणि निग्रहस्थानेही मोजत नाहीत. तिथे तिसरी जागा बहुधा वेळ ही असते, आणि मराठीने तिच्यासाठी एक छोटा शब्द ठेवला आहे: ‘बघू’.

मुलीला दुसऱ्या गावी शिकायला जायचे आहे, वडिलांनी नाही म्हटले आहे. दोन दिवस घरात भांड्यांचे आवाज नेहमीपेक्षा मोठे येतात. तिसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवताना वडील म्हणतात, ‘बघू.’ आठवड्याने फीचे पैसे कपाटातून काढून टेबलावर ठेवलेले असतात आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. ‘बघू’ म्हणजे होकार नव्हे आणि नकारही नव्हे. मागे फिरण्यासाठी मोकळी ठेवलेली वाट आहे ती. त्या क्षणी मुलीने ‘म्हणजे मी म्हणत होते तेच बरोबर होते ना?’ असे विचारले तर ती वाट बंद होते. तिला फी हवी होती. या प्रश्नाने ती कबुली मागते. घरातली बरीच भांडणे मुद्द्यावर कधीच संपलेली असतात आणि पुढे निव्वळ कबुलीसाठी चालू राहतात.

या पळवाटेचा गैरवापरही होतो. सुनेच्या नोकरीच्या विषयाला दहा वर्षे ‘बघू’ म्हणत राहणे हा नकारच आहे, फक्त त्याची जबाबदारी टाळलेला. वेळ ही तिसरी जागा तेव्हाच ठरते जेव्हा तिला शेवटची तारीख असते.

जागाच वादात सापडते तेव्हा

काही मतभेदांत दोघांना मान्य असलेली जागा असते, पण वाद नेमका तिच्याबद्दलच असतो. टिळक आणि आगरकर यांचा तसा होता.

दोघेही १८५६ चे. डेक्कन कॉलेजातली ओळख, १८८० ची न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ चे ‘केसरी’ आणि ‘मराठा’, आणि १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी एकत्र काढलेले १०१ दिवस. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. त्यानंतर तीन वेगवेगळे मतभेद एकमेकांत मिसळत गेले. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, हा विचाराचा. सोसायटीच्या आजीव सभासदांनी बाहेरची कामे घ्यावीत का, वेतन किती असावे, हा नियमाचा. आणि मूळ व्रतापासून कोण ढळले, हा मनाचा.

दुसरा प्रश्न ठरावाने सुटण्यासारखा होता. पहिला सुटण्यासारखा नव्हता, पण दोन लेखकांनी तो खुशाल वागवावा असा होता. तिसऱ्याने दोन्ही गिळले. एकत्र घेतलेले त्यागाचे व्रत हीच त्या दोघांची तिसरी जागा होती, आणि त्या व्रताचा अर्थ काय यावरच ते भांडत होते. मग माघार कोणापुढे घ्यायची? दोघांतल्या कोणालाही क्षुद्र ठरवल्याशिवाय या फुटीचा उलगडा होतो, आणि तो ‘अहंकार नडला’ या शेऱ्यापेक्षा दोघांनाही जास्त न्याय देतो.

अशा वेळी वेगळे होणे हाही मतभेद हाताळण्याचा एक सरळ मार्ग असतो, आणि त्याला अपयश म्हणण्याची घाई होते. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’चे संपादकपद सोडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले. एकाच पत्रात दोघांनी कसेबसे जुळवून घेतले असते तर मराठी वाचकाच्या वाट्याला दोघांचीही निम्मी मते आली असती. वेगळे झाल्यावर दोन्ही पुरी मिळाली. टिळकांनी १८९० मध्ये सोसायटीचा राजीनामा दिला, तोही कारणे सविस्तर लिहून. त्यानंतर १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून दोन्ही पत्रे एकमेकांविरुद्ध कडवटपणे लढली. वेगळे झाल्याने धार कमी झाली असे म्हणता येणार नाही.

१७ जून १८९५ रोजी आगरकर वारले. त्यांच्यावरचा ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी स्वतः लिहिला.